वेष्टनावरची आई

‘शुद्ध साबण’ हे नाव नोंदवून मिळणार नाही, असं वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हाच साबणवाल्यानं मुकाट्यानं घरी जायला हवं होतं.

“का नाही मिळणार? साबण शुद्धच आहे.”

“म्हणूनच. मालाचं वर्णन एकट्याच्या मालकीचं होत नाही. उद्या शेजारच्यानं शुद्ध साबण केला, तर त्यानं काय म्हणायचं?”

“तो करणार नाही. मी ओळखतो त्याला.”

वकीलबाईंनी वेष्टन उलटंसुलटं करून पाहिलं. मधोमध साबणवाल्याच्या आईचा चेहरा होता, कपाळाला आठ्या घातलेला. साबण आई बनवायची आणि विकायचा तो, म्हणून फोटो.

“हा चेहरा नोंदवू या. असा चेहरा दुसऱ्या कुणाचा नसेलच ना?”

“छे!” साबणवाला म्हणाला. त्याला एक जुळी मावशी होती. पण एका छत्रीवरून दोघी बहिणींचं बोलणं बंद झाल्यापासून मावशी नाहीच असं म्हणायची घरात सगळ्यांना सवय लागली होती.

अर्ज जाहीर झाला आणि हरकत आली. ती मावसभावाची होती. तोही साबण विकायचा, आपल्या आईनं बनवलेला, आणि वेष्टनावर आईचा चेहरा त्यानं आधीपासून छापला होता.

“तिचा चेहरा?” आई म्हणाली. “साबणावर? लोक घेतात?”

सुनावणीला दोन्ही आया हजर झाल्या आणि खोलीच्या दोन टोकांना बसल्या. अधिकारी सावकाश बोलणारे होते. त्यांनी आधी इतिहास सांगितला. “पूर्वी कुंभार मडक्याच्या बुडाला आपली खूण करायचे. मडकं गळलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं, हे लोकांना कळायचं. व्यापारचिन्ह ते हेच.”

“म्हणजे साबण बिघडला की लोक माझ्या तोंडाकडे बघणार?” आईनं विचारलं.

“आमच्या आयांचे चेहरे एकसारखे आहेत,” मावसभाऊ घाईघाईनं म्हणाला. “गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो. चेहरा आधी मी वापरला, तेव्हा हक्क माझा.”

“मी हिच्यासारखी दिसते?” मावशी ताडकन उठली. “गाढवा, डोळे तपासून घे.”

“आमचंही हेच म्हणणं आहे,” साबणवाला आनंदानं म्हणाला. “दोघी अगदी वेगळ्या दिसतात. गोंधळाचा प्रश्नच नाही.”

अधिकाऱ्यांनी दोन वेष्टनं घेतली, नावांवर कागद झाकला आणि ती त्याच्यापुढे सरकवली. “मग यातली तुमची आई कोणती?”

साबणवाल्यानं दोन्ही चेहरे निरखले. दोन्हीकडून आठ्या त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यानं ठामपणे डावीकडे बोट ठेवलं.

अधिकाऱ्यांनी कागद बाजूला केला. ती मावशी होती.

मावसभाऊ खो खो हसला. म्हणून अधिकाऱ्यांनी नवी जोडी मागवली, नावं झाकली आणि त्यालाही विचारलं. त्यानंही मावशीवरच बोट ठेवलं, म्हणजे त्याच्या मावशीवर.

मग आई खुर्चीवरून उठली आणि पलीकडे मावशीशेजारी जाऊन बसली.

“तुझाही असाच?” तिनं विचारलं.

“लहानपणापासून,” मावशी म्हणाली.

दोघी एकाच टॅक्सीनं गेल्या. आईनं दुसऱ्या दिवशी साबणाची कढई मावशीकडे नेली. साबणवाल्याचा अर्ज नामंजूर झाला, पण आता त्याच्याकडे विकायलाच काही उरलं नव्हतं. मावसभावाची दशा तीच.

काही महिन्यांनी दोघींच्या साबणाचा अर्ज जाहीर झाला. वेष्टनावर दोन्ही चेहरे शेजारी शेजारी, हसरे. दोघे भाऊ मिळून वकीलबाईंकडे धावले.

“आम्हाला हरकत घ्यायची आहे.”

“मला नाही घेता येणार,” वकीलबाई म्हणाल्या. “मी त्यांची वकील आहे.” आणि माणुसकी म्हणून त्यांनी दोघांपुढे एकेक वडी ठेवली.

मावसभावानं ती नाकाशी नेली आणि बराच वेळ हुंगली.

“आपल्यापेक्षा बरा आहे रे,” तो म्हणाला.

“हळू बोल,” साबणवाला म्हणाला आणि त्यानं आपली वडी खिशात टाकली.