रविवारची भट्टी आणि शेवटची वडी

फोनवर दर विचारायचा नाही, एवढंच मी त्या रविवारी सकाळी ठरवलं होतं. बाकीचं सगळं आपोआप झालं.

अमेरिकेच्या थंड उत्तरेला, डलूथला माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. शाळा मी लवकर सोडली, पण सोफ्यावर माणूस कसा बसतो हे बघून त्याच्या खिशात किती आहे ते मी सांगू शकतो. (माझ्या खिशात किती आहे ते मार्लिस सांगू शकते. मार्लिस माझी बायको.) इतक्या वर्षांच्या धंद्यात एक गोष्ट कळली आहे. दारातूनच जो किंमत विचारतो तो गरजू. त्याला सूट द्यायची नसते.

आणि त्या रविवारी गरजू मी होतो. जानेवारी महिना, बाहेर पारा शून्याच्या खाली पंचवीस, आणि आमच्या तळघरातली भट्टी, जिच्या जिवावर अख्खं घर उबदार राहतं, ती एकदा खोकली आणि गप्प झाली. मार्लिस ओव्हरकोट घालून स्वयंपाकघरात उभी होती.

"भट्टीवाल्यांना फोन कर. आणि आधी विचार, किती घेणार."

"व्यापार तू मला शिकवणार?"

"व्हर्नर, डब्यात ॲरिझोनाचे पैसे आहेत. दुसरे नाहीत."

मार्चमध्ये आम्ही दोघं आठवडाभर ॲरिझोनाच्या उन्हात जाणार होतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. डब्यात सोळाशे डॉलर जमले होते, आणि मार्लिसने उन्हाळी चपला आणून ठेवल्या होत्या. रोज संध्याकाळी ती त्या लोकरी मोज्यांवर घालून घरभर चालून बघायची.

मी फोन लावला.

"रविवारचा दर वेगळा आहे हं," पलीकडची बाई म्हणाली. "सांगू का?"

"काही गरज नाही!" मी म्हणालो. घरात आणखी तीन भट्ट्या असलेल्या माणसाच्या आवाजात.

"किती म्हणाले?" मार्लिसने विचारलं.

"वाजवी."

पण रविवारी येणारा माणूस तासावर पैसे घेणार, हे सांगायला कुणी कशाला पाहिजे? शेजारच्यांचा नळवाला तासावर घेतो. तेव्हा मेकॅनिक उंबऱ्यात आल्याबरोबर मी घड्याळाकडे बघितलं.

ड्वेन किवेला त्याचं नाव. सज्जन माणूस, आणि सावकाश. आधी दारात उभं राहून बोलणं झालं.

"थंडी आहे."

"आहे खरी."

"काल जास्त वाटत होती."

"वारा होता ना."

आमच्याकडे हे टाळता येत नाही. टाळलं तर घरात कुणी गेलंय का, अशी शंका येते. मग त्याने बूट काढले. नाड्या लांब होत्या. (सोडेपर्यंत माझे दोन डॉलर तरी गेले असतील.)

काम मात्र चुटकीसरशी झालं. भट्टीत बोटाएवढा एक दांडा असतो, त्याच्यावर काजळी धरली होती.

"याला ज्योत दिसली नाही की हा गॅस बंद करतो," ड्वेन दांडा घासत म्हणाला. "आंधळा झाला होता बिचारा."

भट्टी धडधडली. मी पाकीट काढलं.

"थांबा, जरा चालू दे. मग बाहेर जाऊन वाफ जायचा पाईप बघतो. आवाज मला तितकासा आवडला नाही."

तेवढ्यात वरून मार्लिसचा आवाज आला. "कॉफी घेशील ना, ड्वेन?"

"नको नको, उगाच त्रास."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मी इथलाच. पहिलं 'नको' हे नुसतं खाकरणं असतं, हे मला ठाऊक आहे.

"त्रास कसला त्यात?"

"नाही, खरंच नको."

"पाणी ठेवलंय मी."

"मग अर्धा कप."

आमच्याकडे पाहुण्याच्या कॉफीत अंडं फोडून घालतात. ती उकळायची, वर गार पाणी ओतायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत वाट बघायची. मी मार्लिसच्या कानाशी लागलो. "आज साधी कर."

"पाहुण्याला साधी?" तिने असं बघितलं की मी परत खुर्चीत.

कॉफीबरोबर खजुराच्या वड्या आल्या. ड्वेनने तळ्यातल्या बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या गोष्टी काढल्या. एक मासा त्याने इतक्या तपशिलाने ओढत आणला की माझ्या हिशेबाने तो अठरा डॉलरला पडला. आणि शेवटी तो सुटलाच!

मग बशीत एकच वडी उरली. आता, शेवटची वडी आमच्याकडे कुणी उचलत नाही. ड्वेनने तिची अर्धी घेतली. मार्लिसने उरलेल्या अर्धीतली अर्धी. ड्वेनने सुरी घेऊन त्या तुकड्याचेही दोन केले. या वेगाने ती वडी वसंत ऋतूपर्यंत पुरली असती, आणि तासाचा दर चालू होता.

मी हात पुढे केला आणि उरलं होतं ते सगळं तोंडात टाकलं.

मार्लिसने कप खाली ठेवला. चर्चमध्ये कुणाची पँट सुटल्यावर बघावं तसा ड्वेन जमिनीकडे बघत राहिला.

"बरं तर मग!" गुडघ्यांवर थाप मारून मी उठलो. (हे निघताना पाहुण्याने म्हणायचं असतं.)

"तो पाईप बघायचा..."

"मी बघतो ना!"

मी बिलावरचा आकडा तेवढा बघून सही केली, तीनशेवीस डॉलर मोजले आणि सुटलेल्या नाड्यांसकट त्याला बाहेर काढलं.

"अजून तासभर बसला असता तर?" मी मार्लिसला म्हणालो. "ॲरिझोना वाचवलं मी."

"त्या बिचाऱ्याला बूटसुद्धा नीट घालू दिले नाहीस."

पाईप मी बघितला. खिडकीतून. (काचेवर हिव साचलं होतं, पण दिशा बरोबर होती.)

दुपारची जेवणं उरकली आणि भट्टी पुन्हा बंद पडली.

ड्वेन परत आला तो सरळ घरामागे गेला. पाईपच्या तोंडाशी वाफ गोठून नारळाएवढा गोळा झाला होता. तो त्याने फोडला आणि भट्टी सुरू झाली.

"वाफेला वाट मिळाली नाही की ही आपणहून थांबते. सकाळी हेच बघणार होतो." मग तो घुटमळला. "व्हर्नर, खरं सांगा, माझं काही चुकलं का? सकाळपासून विचार करतोय."

"तुझं नाही रे, तुझ्या घड्याळाचं! तासाचे पैसे लावतोस आणि मासे कसले सांगत बसतोस?"

"तासाचे? रविवारचा दर ठरलेला असतो. दहा मिनिटं लागोत, नाहीतर संध्याकाळ होवो. फोनवर सांगतात की."

मार्लिस माझ्याकडे वळली. अगदी सावकाश.

"म्हणजे पाईपसुद्धा त्याच पैशांत...?" मी विचारलं.

"बघू दिला असतात तर. पण काम झालं म्हणून तुम्ही सही केलीत ना. ऑफिसच्या लेखी ही नवी फेरी." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "तीनशेवीस."

"बस, ड्वेन," मार्लिस म्हणाली. "कॉफी ठेवते."

"नको नको..."

पुढची दोन्ही वेळची विनवणी मीच केली. ठरलेल्या दरात मावेल तेवढा मी त्याला बसवून घेतला. अंधार पडेपर्यंत. मासा या वेळीही सुटला.

डब्यात नऊशेसाठ उरले, म्हणजे ॲरिझोना एका माणसापुरतं. कोण जाणार यावर आम्ही चर्चा केली. ती मार्लिसने केली. मार्चमध्ये मी तिची बॅग विमानतळापर्यंत उचलून नेली.

निदान अक्कल तरी आली म्हणून मी ती दुकानात वाटायला लागलो. परवा एक बाई सोफा बघत होती, तिला म्हटलं, "भट्टी बिघडली तर फोनवरच विचारा. दर ठरलेला की तासावर? त्यात काय काय धरलंय? सुट्टीच्या दिवशी वेगळा का? दुखणं उलटलं तर परत पैसे पडतात का? आणि तो माणूस जे बघायचं म्हणेल ते बघू द्या."

बाईने सगळं मन लावून ऐकलं. मग सोफ्यावर हात फिरवत म्हणाली, "छान सांगितलंत. आता याचं सांगा. दर ठरलेलाच ना? घरी आणून देणं त्यातच धरलंय? शनिवारी आणलात तर वेगळे पैसे नाहीत ना? आणि हा पाय परत डुगडुगला तर?"

शनिवारी सोफ्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. बाईचं घर तिसऱ्या मजल्यावर निघालं; कितवा मजला, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.