मंडळीचे संकेतस्थळ: आधी आणि नंतर

ज्या संस्थेला संकेतस्थळ नाही ती संस्था अस्तित्वातच नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. मग तिच्या छपराखाली दर आठवड्याला माणसे बसून प्रार्थना का करत असेनात. या न्यायाने चष्मेवाल्यांची प्रार्थना-मंडळी कित्येक वर्षं अस्तित्वात नव्हती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

चष्मेवाले म्हणजे मंडळीचे चिटणीस. हजेरी इतकी रोडावली होती, की वरिष्ठांनी कळवलं: वर्षअखेर माणसं वाढली नाहीत, तर पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या मंडळीत विलीन व्हा. त्या मंडळीला संकेतस्थळ होतं, आणि चिटणीसही होता. म्हणजे चष्मेवाल्यांचं पद जाणार. घरी त्यांना कुठलंच पद नव्हतं (अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ही तिन्ही पदं बायकोकडे होती).

त्यांनी इंटरनेटवर ‘धार्मिक मंडळींसाठी मोफत साधने’ शोधली. ती उदंड निघाली. ‘श्रद्धा वाढवणारे रंग’ होते, ‘भाविकाला तीन सेकंदांत कसे थांबवावे’ होतं, उडते पक्षी तर पोत्यानं होते. फक्त संकेतस्थळाचा तयार साचा विकतचा होता. दंतवैद्यांचा मात्र फुकट होता (दात सगळ्यांना असतात, श्रद्धेचं तसं नाही). चष्मेवाल्यांनी साधकबाधक विचार केला. दोन्हीकडे माणूस दुखायला लागल्यावरच येतो, आणि आल्यावर डोळे गच्च मिटून बसतो. त्यांनी तोच घेतला.

साचा मंडळीला चपखल बसला. ‘वेदनारहित सेवा’ ही ओळ प्रवचनकारांना इतकी आवडली, की त्यांनी ती आपल्या नावाखाली घालायला सांगितली. ‘मुळापासून उपचार’ पापांना लागू पडत होतं. अडचण एकच होती. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटोंचे दोन रकाने होते. ते पुसता येत नव्हते आणि रिकामे ठेवले की तिथे किडकी दाढ दिसायची.

तेव्हा सभासदांकडून मंडळीत येण्याआधीचा एक आणि आत्ताचा एक, असे फोटो मागवण्यात आले. ते लावून पाहिल्यावर कार्यकारिणीनं तातडीची सभा बोलावली. ‘आधी’ सगळे टवटवीत, डोक्यावर भरघोस केस, दोघेतिघे तर खळखळून हसत होते. ‘नंतर’च्या रकान्यात वीस वर्षांच्या अखंड भक्तीचा परिणाम बघवत नव्हता. अध्यक्षांच्या फोटोपेक्षा किडकी दाढ बरी का, यावर मतदान झालं (निकाल राखून ठेवण्यात आला).

चष्मेवाल्यांनी घरी जेवताना हे रडगाणं गायलं. बायकोनं भांडी विसळता विसळता, मागे न बघताच सांगितलं, “मग अदलाबदल करा की. दोन्ही फोटो खरेच आहेत ना?”

दोन्ही खरेच होते. अदलाबदल झाली.

पुढच्या आठवड्यात खुर्च्या पुरेनात. माणसं जिन्यापर्यंत उभी राहिली. टक्कल पडलेले गृहस्थ पुढच्या रांगेसाठी हमरीतुमरीवर आले, कारण तिथे परिणाम लवकर होतो अशी बोलवा उठली होती.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. मोबाइल हातात धरून त्यांनी एकेका चेहऱ्याची तपासणी केली, अध्यक्षांपाशी बराच वेळ थबकल्या, आणि चष्मेवाल्यांना म्हणाल्या, “ही शुद्ध फसवणूक आहे. मी वरिष्ठांकडे तक्रार करणार.”

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. तक्रार म्हणजे विलीनीकरण, आणि विलीनीकरण म्हणजे दिवसभर घर. काहीतरी बोलायचं म्हणून ते चाचरत म्हणाले, “तक्रारीसोबत तुमचा एक फोटो लागतो, बाई.” असा कुठलाही नियम नव्हता.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या फोटो शोधला. बराच शोधला. त्यांनी पाठवलेल्या फोटोत काळ्याभोर केसांची, गालाला खळी पडलेली एक तरुणी होती. चष्मेवाल्यांनी फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“बाई, या तुम्ही?”

बाईंनी मोबाइलवरचं संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “तक्रारीचं राहू दे. हा ‘नंतर’मध्ये लावा. वरच्या ओळीत.”

चष्मेवाल्यांचं पद शाबूत राहिलं. मंडळीचा प्रवेश सर्वांना खुला आहे. आपल्याला हे वाचून हसू आलं असेल, तर आपणही जरूर यावं. ‘नंतर’चा फोटो फार शोधावा लागणार नाही, जगाला दाखवायला आपण फोनवर जो लावून ठेवला आहे, तोच चालेल. ‘आधी’चा दारातच काढून घेतला जाईल.