हळदीचे अकरा गुण

दुधात पाणी किती घातलंय, हे मी बाटली हलवून सांगते! सोसायटीच्या डेअरीत आठ वर्षं दूध तपासतेय. मग नदीचं पाणी तपासणं मला काय अवघड?

शहाऐंशीचा उन्हाळा. बोरी नदी कोरडी. पात्रात वाळू खणून केलेला एकच झिरा, त्यावर सगळं गाव जगत होतं. एका सकाळी झिऱ्याजवळ दोन बेवारशी पिंपं सापडली. परदेशात अणुभट्टी फुटल्याची बातमी ताजीच होती. चेअरमन नानासाहेब घाबरले, जिल्ह्याला कळवलं आणि मलाही म्हणाले, "बाई, पाणी तपासा!"

मी परीक्षानळ्या धुवून ठेवल्या. तेवढ्यात जिल्ह्याहून जीप आली आणि तीतून कोण उतरावं? जगदेवी बिराजदार! सोलापूरला आम्ही एका बाकावर होतो. बी.एस्सी.ला मला तिच्यापेक्षा अकरा गुण जास्त. आणि आता तिच्याकडे किरणोत्सार मोजणारं यंत्र, माझ्याकडे दुधाच्या बाटल्या!

यंत्र टिक... टिक... करायला लागलं. अख्खं गाव तिच्याभोवती!

"लई हुशार बाई हाय!" नानासाहेब म्हणाले. मला आठ वर्षांत असं एकदाही म्हणाले नव्हते.

नमुना मी स्वतः घ्यायला हवा होता. पण ती गर्दी सोडून जाववेना. मी डेअरीत झाडलोट करणाऱ्या दगडाबाईंना बाटली दिली. "झिऱ्यातून भरून आणा. आत काही पडू देऊ नका."

जगदेवी म्हणाली, "किरणोत्सार नाही. नेहमीचीच टिकटिक आहे."

"थांब, रसायनं बघायची राहिलीत!" मी म्हटलं. पाणी पिवळट होतं, पण माती असेल असं मीच ठरवलं. धातूंचा साका बसतो का बघायला कॉस्टिक सोडा घातला.

लालभडक!

"विष!" मी ओरडले. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात बोलले नव्हते. गाव यंत्र सोडून माझ्याकडे धावलं. काय सांगू, फार बरं वाटलं!

नानासाहेबांनी लगेच झिऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकायला लावल्या. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. "आता लेकरांनी काय प्यावं, बाई?"

जगदेवीनं स्वतः भरलेल्या बाटलीत सोडा घातला. पाणी तसंच राहिलं. पिंपंही उघडली. आत रस्त्याचं डांबर!

"दगडाबाई, बाटलीत काय घातलं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाय! चिमूटभर हळद वाहिली फकस्त. गंगामाईला परक्या हाती द्यायचं, ते काय सुकंच द्यायचं व्हय?"

हळदीचा डाग साबण-सोड्यानं लाल होतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक. सगळे हसले. नानासाहेब हसले नाहीत, ते जास्त लागलं.

फांद्या मीच काढायला घेतल्या. बोटांत काटे मोडले. जगदेवीनं दुसरं टोक धरलं आणि हळूच विचारलं, "तुझे ते अकरा गुण प्रॅक्टिकलचे होते ना गं? कोणता प्रयोग आला होता तुला?"

मला अगदी स्वच्छ आठवत होतं. हळदीच्या कागदानं सोडा ओळखणे!

"विसरले," मी म्हटलं.