निलगिरी हलली कशी?

सकाळपासून ग्वेनच्या दारात आलेलं हे तिसरं भांडं. पहिल्यात लझान्या होता, दुसऱ्यात भोपळ्याचं सूप. तिसऱ्याचं झाकण उचललं तर ट्यूना आणि पास्ता. बुडाला चिकटपट्टीवर नाव, ‘बेव्ह’. टास्मानियाच्या या खाडीकाठी लोक अशी भांडी दोनच वेळी आणतात: घरातलं कुणी गेलं की, नाहीतर कुणी जायला लागलं की. ग्वेन तर घरात एकटीच. तिने स्वतःची नाडी पाहिली. चालू होती.

कुंपणापलीकडे बेव्ह कपडे वाळत घालत होती.

“बेव्ह, मला काय झालंय गं?”

“काही नाही गं बाई. तू आराम कर. बरण्यांची झाकणं मी उघडून देत जाईन.”

“झाकणं?”

“आणि क्लॅरीवर चिडू नकोस. त्याचाही जीव तुटला यादी बदलताना.”

ग्वेन तडक बोल्स क्लबात गेली. शनिवारी अंतिम सामना. हिरवळीवरच्या या खेळात संघाचा शेवटचा गोळा टाकण्याचा मान अकरा वर्षं तिचा होता. फलकावरच्या यादीत तिथे आता पेन्सिलीने क्लॅरीचं नाव होतं, आणि तळाशी: ‘ग्वेन, राखीव’.

क्लॅरी संघ निवडायचा. फेरीबोटीचा निवृत्त कप्तान, आवाज अजून भोंग्यासारखा. आज मात्र तो हळू बोलला.

“लपवू नकोस, ग्वेन. हात थरथरतात तुझे. क्लबच्या कॅलेंडरसाठी तू काढून दिलेले फोटो पाहिले आम्ही.”

टेबलावर ते बाराही फोटो मांडले होते. एकातही काही जागेवर नव्हतं, सगळं पुसट, ओढल्यासारखं.

“हा बोटींचा धक्का ना?” क्लॅरीने एक उचलून विचारलं.

“हो.”

“आपल्या क्लबातल्या मॅव्हिसला वाटलं, मुरंब्याचा केक. आणि बेव्हने तुला पाहिलंय, कॅमेरा कसा गदागदा हलत होता ते.”

“अरे, मुद्दाम हलवते मी!”

“माझी आईपण कप मुद्दामच पाडायची,” क्लॅरी मायेनं म्हणाला.

ग्वेनने त्याला दंडाला धरून बाहेर, निलगिरीच्या झाडांसमोर उभं केलं. “शटर अर्धा सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात हात खोडाबरोबर वर न्यायचा. मग खोड उभं राहत नाही, चढत जातं. पाण्याची रेघ होते, रेघेचा रंग होतो. झाड गळून पडतं आणि त्याची वर जायची ओढ तेवढी उरते.”

“पण झाड तर छान दिसतंय की. गाळायचं कशाला?”

“आत काय आहे ते बघायला.” तिने श्वास रोखला, गळ्यातला कॅमेरा न हलवता एक फोटो काढला. मागच्या पडद्यावर खोडाची सुटलेली सालसुद्धा मोजता येत होती. “हे बघ. हात थरथरतात म्हणे!”

“एखादा नेम लागतोच. आण इकडे. बेचाळीस वर्षं सुकाणू धरलंय, स्थिर हात कसा असतो ते दाखवतो.”

त्याने पाय रोवले, कोपरं छातीशी घेतली आणि बटण दाबलं.

दोघांची डोकी पडद्यावर वाकली. निलगिरी वितळली होती. खोडाखोडाला चंदेरी शहारा, पानापानाला बारीक लहर. ग्वेनला तीन वर्षांत एवढं नाजूक काही जमलं नव्हतं. क्लॅरी पाहतच राहिला. मग त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, पहिल्यांदाच भेटल्यासारखं.

ग्वेनने नजर पडद्यावरून उचलली नाही. “सुंदर आलाय रे. कसा हलवलास?”

त्याने हात खिशात घातला.

“मुद्दाम,” तो म्हणाला.

“वाटलंच मला.”

“अजून एक काढून बघू?”

“काढ की.”

त्याने आणखी सात काढले. मग घसा खाकरून आत गेला. खिडकीतून ग्वेनला दिसलं, तो रबराने यादीतलं आपलं नाव खोडत होता. शेवटच्या गोळ्यापुढे त्याने तिचं नाव लिहिलं. अक्षरं जरा लाटांवर होती, पण वाचता येत होती.