संत देल्फिनाचं चर्च

गेस्ट हाऊसमध्ये नाश्त्याच्या टेबलाशी बसल्या बसल्या डॉन एलादिओंचा गुडघा दुखायला लागला. काल विमानतळावर कंबर धरली होती. त्याच्या आदल्या दिवशी, कोस्टा रिकातल्या घरी सामान बांधताना, छातीत काहीतरी 'होत' होतं. त्यांची मुलगी देल्फिना हिने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं.

"बाबा, चर्च बघितल्याशिवाय आपण परत जाणार नाही."

"मी बघितलंय गं. मला त्यात काय नवीन?"

"मला आहे ना नवीन. माझा पन्नासावा वाढदिवस आहे."

देल्फिना कार्तागोच्या नगरपालिकेत पाणीखात्यात होती. मीटर उलटा फिरवणारे, नळाला चोरून दुसरा नळ जोडणारे, 'आम्ही तर महिनाभर गावालाच होतो हो' असं डोळ्यांत पाणी आणून सांगणारे, अशा लोकांची तोंडं वाचण्यात तिची उमर गेली होती. तिच्यासमोर खोटं बोलायला शहरातले वकीलसुद्धा कचरत. घरात मात्र ती हे कसब चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायची.

चर्चची गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. शहात्तर साली, ती पोटात असताना, एलादिओ बटाट्याचा ट्रक घेऊन ग्वाटेमालाला गेले. तिथे मोठा भूकंप झाला, रस्ते तुटले, आणि ते या अँटिग्वा शहरात अडकले. एका पडलेल्या चर्चमध्ये हातांनी दगडमाती उपसून त्यांनी माणसं बाहेर काढली. जिवंत घरी पोचलो तर होणाऱ्या मुलीला इथल्या संतिणीचं नाव देईन, असा नवस बोलले. संतिणीचं नाव देल्फिना. ते घरी पोचले तेव्हा मुलगी पाच महिन्यांची झाली होती आणि बिननावाची होती. दर नाताळला ही गोष्ट व्हायची, आणि दर नाताळला ढिगाऱ्यातून एखादा माणूस जास्त निघायचा.

देल्फिनाने सहलीचा बेत सांगितला तेव्हा आई, दोन्या ओतिलिया (आपण ओतिलियाबाई म्हणू), वांगी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही येत. तुम्ही दोघं जा. दाखवू दे की त्यांना एकदा."

"संत देल्फिनाचं चर्च कुठे आलं हो?" आता नाश्त्याच्या टेबलाशी देल्फिनाने गेस्ट हाऊसच्या मालकिणीला विचारलं.

एलादिओंच्या हातातला कॉफीचा कप बशीवर वाजला.

मालकीण विचारात पडली. आता, अँटिग्वाची माणसं भारी अदबीची. परक्याने रस्ता विचारला आणि आपण 'माहीत नाही' म्हटलं, तर त्यांना रात्री झोप लागत नाही. "संत देल्फिना... हां हां! मेर्सेदच्या चर्चच्या मागे बघा. तिथे कोणीही सांगेल."

"आहे?" एलादिओ म्हणाले.

"आहे ना!"

एलादिओंनी कप खाली ठेवला. गुडघा थोडा हलका वाटायला लागला होता.

मेर्सेदच्या मागे कैरीच्या फोडींना मीठ-तिखट लावून विकणारी एक बाई बसली होती. "देल्फिना? पिवळं चर्च ना?"

"पिवळंच!" एलादिओ घाईने म्हणाले.

"मग खाली, बाजाराच्या अंगाला."

बाजाराच्या अंगाला पोलीस उभा होता. त्याने टोपी सरकवून डोकं खाजवलं. "तेच ना, मनोरा तुटलेलं?"

"बरोब्बर! भूकंपात तुटला. माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग तुम्ही उलट्या बाजूला आलात, डॉन. वर जा, वर."

दुपारपर्यंत संत देल्फिनाच्या चर्चला पिवळा रंग आला, तुटका मनोरा आला, दोन घंटा आल्या आणि ऑक्टोबरात जत्राही भरायला लागली. एलादिओ दगडी रस्त्यांवरून पोरासारखे पुढे धावत होते. देल्फिना घामाघूम होऊन मागे.

"बघ! मी म्हणत नव्हतो? आहे चर्च!" ते वळून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचं आश्चर्य होतं.

"असणारच ना, बाबा. तुम्ही राहिलात ना तिथे?"

"हो हो. राहिलो की. विसरतो माणूस."

शेवटी एका रिक्षावाल्याने विषय संपवला. "बसा. मी तिथेच लहानाचा मोठा झालोय." गावाबाहेरच्या अंगाला एका पडक्या मठाच्या फाटकाशी त्याने दोघांना उतरवलं आणि देल्फिनाने पाटी वाचायच्या आत रिक्षा दिसेनाशी झाली. पाटी नव्हतीच. भिंती मात्र पिवळ्या होत्या, निदान एके काळी असाव्यात. छप्पर गेलेलं. मोकळ्या आभाळाखाली पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या, फुलांच्या माळा, कोपऱ्यात मारिंबा हे लाकडी पट्ट्यांचं लांबलचक वाद्य वाजवणारी चार माणसं. लग्न होतं.

"मुलाकडचे की मुलीकडचे?" हिरव्या पोशाखातली एक बाई समोर आली.

"नाही, आम्ही कोस्टा रिकाहून..."

"कोस्टा रिकाहून! अगं बाई! एवढ्या लांबून लग्नाला आलात? या, या, उन्हात काय उभे राहता!"

देल्फिना 'अहो पण' म्हणेपर्यंत दोघांच्या हातांत सरबत आलं होतं आणि दोघं पुढच्या टेबलाशी, नवरीच्या आजीशेजारी बसले होते. आजीचं नाव दोन्या एउलोखिया. काळी शाल, मोठ्या हाडाचे हात.

"बाबा, चूक झाली, उठू या," देल्फिना कुजबुजली.

पण एलादिओ भिंतींकडे बघत होते. सकाळपासून एवढ्या भल्या माणसांनी ग्वाही दिली होती. माणसाने तरी कितीदा नाकारायचं? "चूक कसली? हेच ते," ते म्हणाले.

"हे?"

"ही कमान. इथून मी आत शिरलो. आणि हा दगड... हा दगड तर मी कधी विसरायचो नाही."

देल्फिनाने उठून त्या दगडावर हात ठेवला. पाणीखात्यात जिला 'दगड' म्हणत, ती बाई परक्या लग्नात दगडाला हात लावून रडली. हिरव्या पोशाखातली बाई धावत आली, काय झालं, काय झालं. आणि देल्फिनाने, अभिमानाने आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, सांगून टाकलं.

"माझ्या बाबांनी शहात्तरच्या भूकंपात इथे माणसं उपसून काढली. या हातांनी. माझं नाव इथल्या संतिणीवरून आहे!"

बातमी टेबलामागून टेबल पसरली. नवरी घोळ सावरत आली आणि तिने एलादिओंच्या गालाचा मुका घेतला. नवरीचा बाप पेला घेऊन उभा राहिला. एलादिओ लाजल्यासारखं हसत होते. नाताळला हसायचे तसंच.

तेवढ्यात दोन्या एउलोखियाने त्यांचा हात धरला.

"मी तेव्हा पलीकडच्याच गल्लीत राहत होते," म्हातारी म्हणाली. "माझा धाकटा भाऊ, रोमुलो, भिंतीखाली सापडला होता. कोण परगावची माणसं आली आणि त्यांनी त्याला काढला. दोनच दिवस जगला. पण आईच्या मांडीवर गेला, दगडाखाली नाही गेला. आई मरेपर्यंत म्हणायची, त्या माणसांचे हात मला एकदा दिसायला हवे होते." आणि ती त्यांचा हात ओठांशी न्यायला वाकली.

एलादिओंनी हात झटक्यात मागे ओढला. सरबत सांडलं.

"नको बाई. मी नव्हतो."

"किती हा नम्रपणा!" नवरीचा बाप म्हणाला. टाळ्या पडल्या.

"अहो, खरंच नव्हतो मी!"

टाळ्या वाढल्या. म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "खरी चांगली माणसं अशीच असतात," आणि तिने पुन्हा हात धरला.

"बाबा, अहो घेऊ द्या ना त्यांना," देल्फिना म्हणाली.

"सोडा हो!" एलादिओ ओरडले. खुर्ची मागे पडली. "मी इथे नव्हतोच! मी आयुष्यात कधी ग्वाटेमालाला आलेलो नाही! मी पुंतारेनासला होतो, समुद्रावर. एका बाईकडे!"

मारिंबा थांबला. चौघांपैकी एकाचं लक्ष नव्हतं, तो एकटा थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला.

दोन्या एउलोखियाने त्यांचा हात सोडला आणि आपला तळवा शालीला पुसला. सावकाश, दोनदा.

"कोण बाई?" हिरव्या पोशाखातलीने विचारलं. यात वाईट हेतू नव्हता. लग्नात ती प्रत्येकाला हेच विचारत होती.

एलादिओ सांडलेल्या सरबताकडे बघत राहिले.

तेव्हा नवरीचा कोणी मामा, सकाळपासून थोडा जास्तच आनंदात असलेला, देल्फिनाकडे वळून अदबीने म्हणाला, "आणि ताई, तुमचं नाव काय म्हणालात?"

त्यांना कोणी हाकललं नाही. तेच जास्त लागलं. उलट फाटकाशी कोणीतरी केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे गरम तामाल त्यांच्या हातात ठेवले, वाटेत खायला म्हणून.

दोघं चालत चौकात आले आणि कारंज्यासमोरच्या बाकावर बसले. पुंतारेनास म्हणजे घरापासून ट्रकने एका दुपारचा रस्ता. शाळेची सहल तिथेच जायची. देल्फिनाने त्या वाळूत किल्ले केले होते.

एलादिओच आधी म्हणाले, "मासे तळायची ती. स्वभावाने चांगली होती."

"मी विचारलं?"

"नाही."

कबुतरं पायाशी आली. एलादिओंनी तामाल सोडला, एक घास खाल्ला आणि थांबले. भूक लागली होती, पण लागायला नको होती.

"मग परत कशाला आलात?" देल्फिना म्हणाली.

"तिचा नवरा आला."

"कुठून?"

"जहाजावरून."

देल्फिनाने मान हलवली. नोंद घेतल्यासारखी. "आणि माझं नाव?"

"बाप्तिस्म्याला पाद्र्याने विचारलं, मुलीचं नाव काय ठेवायचं. ऐनवेळी दुसरं सुचलंच नाही गं."

"दुसरं सुचलंच नाही!"

"मी चारच बायकांना नावाने ओळखत होतो. त्यातली एक माझी आई, एक तुझी आई, एक सासूबाई."

"आईने विचारलं नाही, हे कुठलं नाव काढलंत म्हणून?"

"विचारलं ना. म्हणून तर चर्च काढावं लागलं."

"आणि चर्चसाठी भूकंप."

"भूकंप खरा झाला होता," एलादिओ दुखावून म्हणाले. "तो काही मी केला नाही."

देल्फिनाला हसू आलं. ते हसू कडू होतं आणि निम्म्या वाटेवर त्याचं दुसरंच काहीतरी झालं, तेव्हा तिने तोंड फिरवलं. पन्नास वर्षं शाळेच्या वह्यांवर, पगारपत्रकावर, लग्नपत्रिकेवर आणि नंतर घटस्फोटाच्या कागदांवर एका मासे तळणारीचं नाव आपण झोकात लिहीत आलो. एकदा शाळेत तिने 'माझ्या नावाची कथा' सांगून बक्षीसही घेतलं होतं. टाळ्या वाजवायला आई पहिल्या रांगेत होती.

पर्समध्ये फोन वाजला. आईचा होता.

"घेऊ नकोस," एलादिओ म्हणाले. मग म्हणाले, "घे. नाहीतर तिला वाटेल काहीतरी झालंय."

"झालंय ना?"

त्यांनी मान खाली घातली. पाणीखात्यात देल्फिनाच्या टेबलासमोर अशी तोंडं घेऊन रोज माणसं बसत. आजवर तिने एकाही मीटरचोराला सोडलं नव्हतं. तिने फोन कानाला लावला.

"बाळ, जेवलात का?" आईने विचारलं. आई तिला बाळ म्हणायची, मुली म्हणायची, फार रागावली तर 'अगं ए'. देल्फिना आठवू लागली. आईच्या तोंडून आपलं नाव आपण कधी ऐकलं? तिला एकही वेळ आठवेना.

"जेवतोय, आई."

"आणि चर्च? सापडलं?"

एलादिओ कारंज्याकडे बघत होते. त्यांच्या हनुवटीला तामालचं पीठ लागलं होतं.

"सापडलं," देल्फिना म्हणाली.

पलीकडे घरातला पंखा खटखटत होता.

"असं?" आई म्हणाली. "सापडलं म्हणतेस?"

"हो. लहानसंच आहे. पिवळं. बरंच पडलंय आता."

"आणि ती? आहे तिथे?"

"कोण, आई?"

"ती गं. संतीण."

देल्फिनाने डोळे मिटले. "आहे. मूर्ती आहे कोपऱ्यात."

"दिसायला कशी आहे?"

आई हे इतकं सहज म्हणाली, की दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. पण देल्फिनाने आयुष्यभर माणसांचे आवाज ऐकले होते, आणि आज पहिल्यांदाच ती घरच्या माणसाचा ऐकत होती.

"काही नाही गं," ती म्हणाली. "बुटकी आहे. नाक बसकं. एका डोळ्याने जरा तिरळी. रंगही धड नाही."

"खरं सांगतेस?"

"खरं. मी अगदी जवळ जाऊन बघितलं."

आईने लांब श्वास सोडला. एखादं जड पोतं खाली ठेवल्यावर सोडावा तसा.

"बघ ना," ती म्हणाली. "आणि मला इतकी वर्षं उगाच वाटत होतं, फार देखणी असेल."