एक्केचाळीस शब्द आणि एक डोण

मास्तरांचे हात जन्मात कधी स्वस्थ बसले नव्हते. बोलताना ते शर्टाची गुंडी पिळत, ऐकताना पेनाचं टोपण काढत-घालत. खरं तर ते शब्दकोशाच्या कचेरीतले कारकून. पण वही घेऊन येणाऱ्याला धक्क्यावरची माणसं मास्तर नाहीतर काय म्हणणार?

साहेबांनी बजावून पाठवलं होतं, "लहान होड्यांना मासेमार काय काय म्हणतात, सगळे जुने शब्द आणा. तीन महिन्यांनी, सोमवारी, यादी माझ्या टेबलावर. आणि त्यात 'बोट' हा उपरा शब्द दिसला, तर सोबत राजीनामाही आणा!"

तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली होती. तीन महिने वणवण करून एक्केचाळीस शब्द जमले होते, तेही एकाच वहीत. आज शनिवार. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या मासेमार आजोबांच्या डोणीची, म्हणजे छोट्या होडीची, मापं घेतली की काम फत्ते.

"मास्तर, ही बोट..." आजोबांची सून चहा देता देता म्हणाली.

"बोट म्हणू नका!" मास्तर असे किंचाळले की कपातला चहा बशीत आला. "डोण म्हणा, ताई. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"बरं बाई, डोण," असं म्हणत ती तोंडाला पदर लावून आत गेली. आजोबा जाळं सांधता सांधता डुलक्या घेत होते.

मास्तरांनी डोणीत बसून मापं घेतली, वही फळीवर ठेवली आणि काठावर उतरले. समोर खुंट्याला दोराची गाठ होती. ही कशी मारतात बुवा? हात शिवशिवलेच. त्यांनी एक पदर ओढला, दुसरा ओढला, आणि गाठ सुटली. ओहोटी होती. डोण सावकाश निघाली. फळीवर वही होती, वहीत तीन महिने होते, आणि मास्तरांना पोहता येत नव्हतं.

"आजोबा! डोण सुटली!"

"हं, हं," आजोबा झोपेतच म्हणाले.

मास्तर धावत वरच्या आळीत गेले. चौघे पत्ते कुटत होते. "धावा हो! डोण वाहून चालली!"

"डोण म्हणजे खालच्या आळीची," एकानं पान टाकत सांगितलं. "आमच्यात होडकं म्हणतात. त्यांची त्यांनी बघावी."

मास्तर धापा टाकत खालच्या आळीत आले. आता शहाणपण आलं होतं. त्यांनी वरच्या आळीचाच शब्द वापरला. "होडकं वाहून चाललंय!"

जाळी वाळवणाऱ्या मावशी हसल्या. "होडकं ना? मोडक्याला होडकं म्हणतात. जाऊ द्या, फोडून जळण करायचा त्रास वाचला."

"अहो, मोठंय ते!" मास्तर रडकुंडीला आले. "मचवा! मचवा समजा!"

"एवढ्याशा पाण्यात मचवा?" मावशींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा."

तिकडे डोण खाडीच्या वळणापाशी पोचली. मास्तरांच्या डोक्यातले एक्केचाळीस शब्द एकमेकांना ढकलू लागले आणि घशातून बाहेर पडला तो भलताच.

"बोट! अहो, बोट गेली! बोट!"

वरच्या आळीचे पत्ते उधळले. मावशींनी जाळी फेकली. आजोबा खडबडून उठले. "कुठंय बोट? कुणाची बोट?" दोन्ही आळ्या पाण्यात. पाच मिनिटांत डोण काठाला लागली. वहीचा एक कोपरा तेवढा भिजला होता.

आजोबांनी वही पुसून हातात दिली. "मास्तर, आधीच ओरडायचं ना नीट."

मास्तर वही मांडीवर घेऊन बसले. चक्क हात न हलवता. मग त्यांनी पेन उघडलं आणि बेचाळिसावा शब्द लिहिला. तो खोडला नाही. खाली राजीनाम्यासाठी एक कोरा कागदही जोडला.

सोमवारी साहेबांचं बोट यादीवरून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं: "बोट. स्त्रीलिंगी. दोन्ही आळ्यांत प्रचलित. होडी वाहून जात असेल तेव्हाच वापरतात."

चष्मा काढून ते म्हणाले, "वा! इतका दुर्मीळ बोलीशब्द तुम्हाला मिळाला कुठे?"