मेंढ्यांवरचा गुप्त नंबर

मेंढीचा चेहरा मी जन्मात कधी विसरले नाही. निमोण्यात लग्न होऊन आले तेव्हा वाड्यात दीडशे मेंढरं होती, आणि कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे मी नुसत्या ओरडण्यावरून सांगायची. म्हणून २००४ साली बँकेने एटीएम कार्ड दिलं, सोबतच्या पाकिटात चार आकडी पिन नंबर आला, तेव्हा मला काहीच अवघड वाटलं नाही.

साहेब म्हणाले, "आजी, नंबर कुणाला सांगायचा नाही, कागदावर लिहायचा नाही. पाठ करा आणि पाकीट फाडून टाका."

पण आकड्यांना ना नाक, ना कान! दोन दिवस घोकूनही ते डोक्यात बसेनात. मग मी युक्ती केली. तोवर शेती आली होती आणि घरी चारच मेंढ्या उरल्या होत्या. दाराला देऊन उरलेला तांबडा ऑइलपेंट घेतला आणि सकाळी चरायला सोडण्याआधी प्रत्येकीच्या दोन्ही कुशींवर एकेक आकडा काढला. चौघी शाळेतल्या मुलींसारख्या ठरल्या रांगेनेच चालायच्या, त्यामुळे क्रमही पक्का. पाकीट चुलीत गेलं. कागदावर एक टिंबसुद्धा नाही. कुणी विचारलंच तर लसीचे नंबर म्हणून सांगायची.

जुलैत मी लेकीकडे शिरूरला गेले होते. नात अंकिताला नर्सिंगला जागा मिळाली होती. फी भरायचा शेवटचा दिवस शनिवार, पाच वाजेपर्यंत. नाही भरली तर जागा दुसरीला. पैसे माझ्या खात्यात होते. पण आम्ही पोचलो तेव्हा बँक बंद झाली होती. उरलं मशीन.

"आज्जे, नंबर?" अंकिता म्हणाली.

"मेंढ्यांवर हाय," मी म्हणाले.

मी शेजारच्या बूथवरून निमोण्यात सोपानरावांच्या दुकानात फोन लावला आणि आमच्या ह्यांना बोलावून घेतलं.

"अवं, मेंढ्यांवरचे आकडे वाचून सांगा."

"कुठले आकडे? मेंढ्या काल कातरल्या की. म्हटलं, तू यायच्या आत काम उरकून टाकावं."

"आन् लोकर?"

"पोत्यात हाय."

"मग पोतं आणा!"

अर्ध्या तासाने पोतं दुकानात आलं आणि सगळी गिऱ्हाइकं लोकर पिंजायला बसली. ह्यांनी जसे हाताला लागले तसे आकडे सांगितले: शून्य, सात, चार, दोन. मी दाबले. मशीनने चुकीचा नंबर म्हणून कार्ड बाहेर ढकललं.

"आता मेंढ्यांना चालवून बघा, कोण पुढं जाती ते," मी फोनवर सांगितलं.

"चालवल्या. पण कातरल्यावर चौघी एकसारख्याच दिसत्यात गं. कुठला आकडा कुणाचा, ते कसं कळावं?"

तरी त्यांनी अंदाजाने एक क्रम सांगितला. तोही चुकला. दारावरचे वॉचमन पाशाभाई आत डोकावले. "आक्का, जपून. तिसऱ्यांदा चुकलं तर कार्ड आतच ऱ्हातं."

चार वाजून गेले होते. अंकिताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बारावीला ती शेळीच्या गोठ्यात बसून अभ्यास करायची, ते मला आठवलं.

तेवढ्यात फोनवर झुंबरबाईचा आवाज आला. तिचं घर दुकानासमोरच, आणि दिवसातले बारा तास ती ओट्यावर असते.

"कशाला लोकर पिंजताय? लसीचे नंबर ना? रोज दारावरनं जात्यात की. तुला सकाळचा पाह्यजे का संध्याकाळचा?"

"म्हंजी?"

"सकाळी चरायला जात्यात तवा डावीकडनं वाचलं की सात-दोन-शून्य-चार. संध्याकाळी तोंडं उलटीकडं, मग चार-शून्य-दोन-सात."

मी डोळे मिटले. रंग लावला होता सकाळी. "सकाळचा," मी म्हणाले आणि मशीनकडे पळाले. अंकिताने एकेक आकडा दाबला. आत घरघर झाली आणि नोटा बाहेर आल्या. पाच वाजायला दहा मिनिटं असताना फी भरली. आता ती दौंडला नर्स आहे.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. जो नंबर गावातल्या दहा माणसांना ठाऊक झाला तो आता चालणार नाही, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावून नवा मागवला. आठवड्याने पाकीट आलं. मी दार लावून चार वेळा वाचलं, मग चुलीत घातलं, आणि विसरायच्या आत झुंबरबाईचा ओटा गाठला.